बैठी, उसळी आणि सामानखोलीची किल्ली

मी शिंपीण. खेळाच्या हॉलमागच्या सामानखोलीत माझं मशीन आहे. फाटक्या गाद्या, उसवलेल्या जाळ्या, संघाच्या शर्टांवरचे नंबर, सगळं माझ्या सुईखालून जातं. टेप सदा गळ्यात. त्या टेपपायीच मी या लफड्यात पडले, नाहीतर कोण किती उंच उडतं याचं मला काय सोयरसुतक!

बरं, थोडं होतं. उडणारी पोरगी माझी होती.

हॉलमध्ये मास्तर दोन. एक वजनं उचलायला शिकवतो, तो माझा नवरा. दुसरा व्हॉलीबॉल शिकवतो, तो माझा धाकटा भाऊ. पोरं एकाला वजनमास्तर म्हणतात, दुसऱ्याला जाळीमास्तर. मी दोघांना काय म्हणते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

आणि या दोघांच्या मध्ये आमची लेक, वय वर्षं सतरा. पाय एवढे लांब आणि काटकुळे की जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी मामाने तिचं नाव टिटवी ठेवलं. कागदावर दुसरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नाही.

टिटवीला मोठ्या संघात जायचं होतं. वर्षभर तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. निवडीची अट एकच: जागेवरून उभी उडी, पन्नास सेंटीमीटर. भिंतीला लागून उभं राहायचं, हात वर करायचा, बोटाला लावलेल्या खडूची खूण उमटवायची. मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. एकोणपन्नास भरली तर घरी जा, पुढच्या वर्षी या. पण पुढच्या वर्षी वय उलटलेलं असणार, म्हणजे येऊ नका.

आता उडी मारायची कशी? यावरून आमच्या घरात जे झालं ते वैऱ्याच्या घरात होऊ नये.

नवऱ्याचं म्हणणं बैठी उडी. गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, तीन मोजेपर्यंत तसंच थिजून राहायचं आणि तिथून सरळ वर. "ही खरी ताकद. ना झोका, ना लबाडी. निव्वळ पाय."

भावाचं म्हणणं उसळी. सरळ उभं राहायचं, झटकन खाली लवायचं आणि खाली पोचतो न पोचतो तोच वर. थांबायचं नाही. "भाऊजी, जाळीपाशी चेंडू येतो तेव्हा तीन मोजायला वेळ असतो का? तुमची उडी होईतो समोरचा गुण घेऊन घरी पोचेल."

"तुझी उसळी म्हणजे नुसती उचकी. पायांत जोर नसला की माणूस असे झटके देतो."

"आणि पायांत स्प्रिंग नसली की माणूस कोंबडीसारखा बसून राहतो."

हे रोज रात्रीच्या जेवणाला. भाऊ एकटा राहतो, रात्री जेवायला आमच्याकडे असतो. एक दिवस वाद एवढा पेटला की नवऱ्याने पाण्याचा पेला आपटला आणि म्हणाला, "लागली शर्त! दर रविवारी हिच्या दोन्ही उड्या मोजायच्या. लागोपाठ दोन रविवार उसळी वरचढ ठरली, तर मी टिटवीला शिकवणं सोडलं. पुन्हा तिला एक शब्द सांगणार नाही."

भाऊ कशाला मागे राहतोय! "आणि बैठी वरचढ ठरली तर मी या घराचा उंबरा चढणार नाही."

"अरे, शर्त लावताय की संन्यास घेताय?" मी म्हटलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारला आणि माझ्याकडे वळले. "मोजायचं तू. तुझी टेप खोटं बोलत नाही."

टिटवीने आपलं ताट उचललं आणि आत गेली. मला तेव्हा वाटलं, कंटाळली असेल. आई असून मला एवढंच वाटलं, याचा आजही राग येतो.

पहिला रविवार. बैठी सत्तेचाळीस, उसळी सत्तेचाळीस. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे होते. लग्नात चुकून एकमेकांचे जोडे घातलेल्या पाहुण्यांसारखे घुटमळत होते. दुसरा रविवार, सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीस. तिसरा, तेच.

"बघ, बैठी काही कमी नाही," नवरा म्हणे.

"उसळी कुठे कमी आहे?" भाऊ म्हणे.

आणि दोघंही पोरीच्या मागे हात धुऊन लागले. सकाळी बापाची बैठक, संध्याकाळी मामाची उसळी. पोरगी जिना उतरताना कठडा धरून उतरायला लागली.

चौथ्या रविवारी पुन्हा सत्तेचाळीस-सत्तेचाळीस भरले, तेव्हा माझ्या डोक्यात टिकटिक सुरू झाली. मी तेवीस वर्षं माणसं मापतेय. एकाच माणसाच्या दोन बाह्या कधी सारख्या भरत नाहीत. उजवी पाव इंच मोठी, डावा खांदा उतरलेला, काहीतरी असतंच. आणि इथे दोन वेगळ्या उड्या, चार रविवार, आणि एका केसाचा फरक नाही? माझी टेप खोटं बोलत नाही, हे खरं. म्हणजे कुणीतरी दुसरं बोलत होतं.

पाचव्या रविवारी मी एक उपद्व्याप केला. बैठ्या उडीसाठी टिटवी बसली की तिची पाठ भिंतीजवळच्या शिडीकडे येते. मी शिडीपासून खांबापर्यंत मशीनचा काळा दोरा ताणून बांधला, ती बसल्यावर तिच्या पँटला जेमतेम लागेल न लागेल एवढ्या उंचीवर. दोऱ्याला सामानखोलीच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवला आणि त्यावर टॉवेल टाकून ठेवला. दोन्ही मास्तर तेव्हा भिंतीवरच्या खुणेला नाक लावून उभे होते. एकमेकांनी लबाडी करू नये म्हणून! चोरावर मोर ते, पण नजर नको तिथे.

टिटवी बसली. एक, दोन, तीन. आणि उडायच्या आधी, अगदी नकळत, बोटभर खाली लवली.

छन्न!

"काय वाजलं?" नवरा म्हणाला.

"माझ्या किल्ल्या," मी म्हटलं. "तुम्ही भिंत बघा."

बैठी सत्तेचाळीस. टिटवीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की मला कळलं. कानाच्या पाळ्या लालभडक. ती बैठ्या उडीत चोरून उसळी घालत होती. बापाची उडी ती वर ढकलत होती. मग मामाची?

त्याचं उत्तर घरी मिळालं. दुपारी स्वयंपाकघरातला पंखा पुसायला स्टुलावर चढले, तर दाराच्या चौकटीच्या वर भिंतीवर निळं बोट उमटलेलं. एक नाही, पाच-सहा, एकमेकांवर. निळा खडू घरात माझाच, कापडावर रेघा मारायचा. आणि तिथवर हात पोचणारं माणूस घरात कुणीच नाही. मी टेप लावली. टिटवीची उभ्याची खूण मला तोंडपाठ. वजा केली. एक्कावन्न.

मी स्टुलावरच बसले. माझी पोरगी एक्कावन्न उडत होती आणि पाच रविवार आम्हाला सत्तेचाळीस दाखवत होती!

ती आली तशी मी तिला घरच्या मशीनपाशी बसवलं आणि दाराला कडी घातली. "खरं बोल. नाहीतर या खडूने कपाळावर लिहीन."

आधी ती हसली. मग एकदम डोळे भरले.

"खरी बैठी चव्वेचाळीस आहे, आई. खरी उसळी एक्कावन्न. खरं उडले तर मामा जिंकेल. मग बाबा मला शिकवणार नाहीत. तुला माहितेय ते. एकदा बोलले की बोलले."

"आणि उलटं केलंस तर?"

"उलटं केलं तर मामा येणार नाही. मागच्या वेळी आठ महिने आला नव्हता. आरसा हॉलच्या कुठल्या भिंतीला लावायचा यावरून! रोज रात्री तू त्याचं ताट मांडायचीस आणि उचलायचीस."

मला वाटलं होतं, ते ताट कुणी बघत नाही. मी उगाच मशीनला तेल घालायला लागले.

"अगं वेडे," मी म्हटलं, "उसळी बैठीपेक्षा जास्तच भरणार. तुझीच नाही, कुणाचीही. हे बघ." मी पँटमध्ये घालायचं इलॅस्टिक काढलं. "असंच सोडलं तर पडतं. ताणून लगेच सोडलं तर उडतं. तू खाली लवतेस तेव्हा पाय ताणले जातात. म्हणून मामाची उडी मोठी. पण इलॅस्टिकच लेचंपेचं असेल तर ताणून काय उजेड पडणार? ते जाड व्हायला बाबांची बैठक लागते. ज्या गोष्टीवर शर्तच लागू शकत नाही तिच्यावर हे दोन शहाणे घरदार लावून बसलेत!"

"मग सांग ना त्यांना."

"सांगून ऐकले असते तर ते तुझे बाबा आणि मामा कसले? सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. तू शनिवारी निवडीच्या वेळी उसळी मार. पूर्ण. बाकी मी बघते."

टिटवी नखं कुरतडत राहिली. "मी ठरवते गं. पण ते दोघं समोर बसले की माझे पाय आपोआप आवरतात. आता मारायचं म्हटलं तरी होत नाही. एकटी असले की होतं."

शनिवार उजाडला. निवड आमच्याच हॉलमध्ये. चौदा मुली, प्रत्येकीला तीन संधी, पाळीपाळीने. निवडायला आलेल्या बाईंचा चष्मा दोरीला आणि तोंड कुलपाला बांधलेलं. बाकाच्या एका टोकाला माझा नवरा, दुसऱ्या टोकाला माझा भाऊ. मध्ये चार माणसांची जागा आणि त्यात मी.

टिटवीची पहिली उडी. तिने बापाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. सत्तेचाळीस.

"बैठी मारायला सांगितली होती," नवरा पुटपुटला.

"लवली कुठे नीट?" भाऊ पुटपुटला.

दुसरी उडी. पोरीने डोळे मिटले, खाली लवली, आणि मी स्पष्ट पाहिलं, गुडघे अर्ध्यात अडले. सत्तेचाळीस. उरली एक. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला हुंदका आला आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की बास. या दोन घोड्यांच्या शर्यतीत माझं पाखरू चिरडणार?

तिसऱ्या पाळीला अजून नऊ मुली पुढे होत्या. मी नवऱ्याच्या कानाशी लागले. "अहो, तुमच्या वजनाच्या नव्या चकत्या माझ्या भावाने सामानखोलीत गाद्यांखाली दडपून ठेवल्यात. मी बोलले म्हणून सांगू नका."

नवरा तडक उठला. मग मी भावाकडे सरकले. "अरे, भाऊजी तुझी नवी जाळी बघायला गेलेत. हातात कात्री होती बाई."

भाऊ धावतच गेला. मी पाठोपाठ गेले, दार ओढलं, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. आयुष्यात एवढं गोड कुलूप मी लावलेलं नाही.

"अगं ए! दार उघड!" आतून नवरा.

"ताई! हा काय पोरखेळ!" आतून भाऊ.

"आत तुम्ही, बाहेर ती," मी फटीतून सांगितलं. "तिला एकदा तरी एकटीने उडू द्या. आणि ऐका. तिची खरी बैठी चव्वेचाळीस आहे आणि खरी उसळी एक्कावन्न. पाच रविवार ती पोर तुमची बरोबरी करत बसलीय, तुमच्यातला एकही हरू नये म्हणून. स्वतः हरायला निघालीय. बसा आता विचार करत."



मी बाकावर येऊन बसले. टिटवीने रिकाम्या टोकांकडे पाहिलं. डोळ्यांनीच विचारलं, कुठे गेले? मी किल्ली वर धरून दाखवली. आधी तिने आ वासला, मग ती अशी हसली की रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या.

तेवढ्यात सामानखोलीतून धप्प आवाज आला. मग परत धप्प. मग काहीतरी घरंगळलं.

"आत काय चाललंय?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"जुनं सामान आहे, बाई. ठेवलेल्या जागी राहत नाही."

टिटवीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. इकडे नाही, तिकडे नाही, नुसतं वर पाहिलं. झटकन खाली गेली आणि खालची जमीन जणू तिला नकोशी झाली. बोट भिंतीवर लागलं तो टप्प आवाज मला बाकावर ऐकू आला. बाईंनी पट्टी लावली. काढली. पुन्हा लावली.

"बावन्न."

मी रडले. मोठ्याने, नाक ओढत रडले. शिंपिणीने रडू नये असा काही नियम नाही.

पोरीला घेऊनच मी कुलूप उघडलं. आतलं दृश्य काय वर्णावं! माझ्या खडूची पेटी उपडी. दोघांची बोटं निळी. भिंतीवर चार निळ्या खुणा. जाळ्यांची मांडणी आडवी आणि तिच्याशेजारी माझा नवरा पोटरी धरून जमिनीवर बसलेला. भाऊ ती पोटरी चोळत होता.

"काय केलंत हे?"

नवरा खाली बघून म्हणाला, "मी पण उसळी मारून बघितली. कुणी बघत नव्हतं म्हणून. बैठीपेक्षा तीन बोटं वर गेली."

"आणि मी बैठी मारली," भाऊ म्हणाला. "ताई, शरम वाटली गं. पायांत काही नाहीच. भाऊजींच्या बैठीच्या वीतभर खाली."

"मांडणी कुणी पाडली?"

यावर मात्र दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मग टिटवी माझ्यामागून पुढे आली. दोघंही तिच्याकडे बघायला धजत नव्हते. शेवटी नवऱ्याने घसा साफ केला. "किती?"

"बावन्न."

भाऊ टुणकन उभा राहिला. नवरा उठायला गेला आणि कळवळून खाली बसला. आणि त्याच क्षणी, जित्याची खोड ती, दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "कुठली मारलीस?"

टिटवीने आधी बापाकडे पाहिलं, मग मामाकडे.

"तुम्ही दोघं नव्हतात, ती."

नवऱ्याने निळं बोट पँटला पुसलं, आणि तो डाग पुढे किती धुतला तरी गेला नाही. भावाने मान फिरवली आणि जाळ्यांच्या घड्या घालायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"शर्त गेली चुलीत," मी म्हटलं. "ही तिकडे जायला अजून महिना आहे. चव्वेचाळीसची बैठी वाढवायचीय, ते काम तुमचं, अहो. उसळी अर्ध्यात अडते ती सोडवायचीय, ते काम तुझं. आणि रात्री तुझं ताट मांडलेलं असेल. उचलायला लावलंस तर बघ."

"येतो गं," भाऊ जाळीत तोंड घालून म्हणाला.

चार महिन्यांनी मोठ्या संघाचा सामना आमच्याच हॉलमध्ये आला. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना मी एका शर्टाचा सुटलेला नंबर शिवत होते. दार ढकलून दोघे आत आले. हातात चहाचे दोन कप. गुंडाळलेल्या गादीवर एकमेकांना खेटून बसले.

"आता काय पाहिजे?" मी विचारलं.

नवऱ्याने दाराकडे मान हलवली. "बाहेरून लाव."

"अहो, आता तिला त्याची गरज नाही. पन्नास जणांसमोर उडते ती."

"असू दे. लाव," भाऊ म्हणाला. "आणि जाऊन तिला किल्ली दाखव."

मी कुलूप लावलं. बाहेर जाऊन पहिल्या रांगेत उभी राहिले आणि किल्ली वर धरली. टिटवीने जाळीपाशी उभ्या उभ्या ती पाहिली, सामानखोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि चेंडू यायच्या आधीच गुडघ्यांत लवली.